भुतं भिंतीवर टांगली म्हणून काय बिघडलं?

मा. संपादक,


स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कुन्स्टम्युझियममध्ये भरलेल्या ‘गाइस्टर’ या भुताखेतांवरच्या प्रदर्शनाची आपण दिलेली माहिती आणि त्यावर आलेलं संतापाचं पत्र, दोन्ही वाचलं. तिकडे काय करायचं ते करोत, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून जिथे झाला त्या महाराष्ट्रात असली थेरं नकोत, असा पत्राचा सूर आहे. डॉक्टरांबद्दल मलाही तितकाच आदर आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

२०१३चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा काढून बघावा. त्याच्या अनुसूचीची सुरुवातच भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं अशा प्रकारांनी होते. कायद्याचा रोख जित्या माणसाच्या छळावर आहे. भुताचं चित्र काढायला बंदी असती, तर आपल्या बालवाङ्मयाची कपाटंच्या कपाटं जप्त करावी लागली असती.

भुताचं चित्र काय शिकवू शकतं, त्यासाठी आता विल्यम मम्लर बघा. हा बॉस्टनचा, मूळचा दागिन्यांवर कोरीवकाम करणारा. १८६०च्या दशकात त्याने फोटोत गिऱ्हाइकाच्या मागे मेलेल्या नातलगाची धूसर आकृती उमटवून द्यायला सुरुवात केली. यादवी युद्धात अमेरिकेत सहा लाखांवर माणसं गेलेली, त्यामुळे धंदा जोरात चालला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला उभा राहिला. खेळतमाशे भरवणारा प्रसिद्ध बार्नम विरोधात साक्षीला आला. (लोकांना बनवण्यातला त्याचा स्वतःचा अधिकार मोठा!) त्याने दुसऱ्या एका छायाचित्रकाराकडून स्वतःचा फोटो काढून घेतला होता, मागे दिवंगत राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या भुतासकट. हे किती सोपं आहे ते दाखवायला. तरी पुराव्याअभावी मम्लर सुटला. पुढे दोन-तीन वर्षांत खुद्द लिंकनची विधवा मेरी त्याच्याकडे गेली. तो फोटो आज उपलब्ध आहे. काळ्या पोशाखातली थकलेली बाई, मागे आरपार दिसणारा नवरा आणि त्याचे हात तिच्या खांद्यांवर.

सगळी युक्ती वर्तमानपत्रांत छापून आल्यावर ही बाई तिथे गेली. हातचलाखी उघड करण्याचं काम आपल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने गावोगाव, जीव धोक्यात घालून केलं, आणि ते करायलाच हवं. पण फसवणूक कळूनही माणूस पुन्हा त्याच दारात का जातो? बार्नमचा आणि मेरीचा फोटो शेजारी शेजारी लावा. भाषणाने जे होत नाही ते तिथे होईल.

अंधश्रद्धा वाढेल म्हणाल, तर टोकियोच्या यानाका भागातल्या झेन्शोआन मंदिरात दर ऑगस्टमध्ये भुतांची पटचित्रं मांडतात. सांयूतेई एन्चो या नामांकित कथेकऱ्याचा हा संग्रह. त्यात पायांविना तरंगणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे लोक कुंचल्याची करामत म्हणूनच बघतात, मांत्रिक शोधायला कोणी धावत नाही.

आपल्याकडे तर माल भरपूर आहे. सोडमुंजीआधी मेलेल्या पोराचा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण, गोव्यात आमोण्याचा आणि लोलयेचा बेताळ, जो भूतगणांचा धनी असून गावाचा राखणदारही आहे. यातली कितीतरी भुतं अकाली मरणातून आणि अन्यायातून आली आहेत. अळवंतिणीच्या चित्राखाली सुईण, दवाखाना आणि कोवळ्या वयातली लग्नं यांविषयी चार ओळी लिहिल्या, तर त्याला अंधश्रद्धेचा प्रसार म्हणणार का?

एक मात्र खरं. काळोख करून किंकाळ्या ऐकवायच्या, दारात सांगाड्याशेजारी सेल्फीची सोय करायची, असला बाजार मांडणार असाल तर विरोधाच्या पत्रावर माझीही सही घ्या. आपल्या संग्रहालयांनी असं प्रदर्शन भरवावं ते लख्ख दिवे लावून. प्रत्येक भुताखाली ते कोणी घडवलं, कधी आणि कशासाठी, हे मराठीत लिहावं. तिकीट शाळेच्या पोरांना परवडेल एवढंच ठेवावं.

आपला,
एक वाचक, ठाणे