एक सुट्टी, दोन वये

व्यापारी घरातील सुट्टी शाळेच्या वेळापत्रकावरून ठरत नाही. दुकानाच्या वर्षातून जे दिवस उरतात, त्यांत ती बसवावी लागते. कापडाच्या पेढीला एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई. सराफाला अक्षय तृतीयेपर्यंत मान वर करण्यास सवड नसते. धान्याच्या अडतीवर त्याच सुमारास रब्बीच्या मालाची आवक चालू असते. ज्या घरी आजींचे वर्षीतप चालू असते, तेथे पारणे पालिताण्याला करावयाचे की हस्तिनापूरला, हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या आधी येतो, आणि ते योग्यच आहे. या सर्वांतून मे महिन्याच्या उत्तरार्धात सहा-सात दिवस कसेबसे सापडतात. मग एका रात्री दुकान वाढवून आलेली पुरुषमंडळी जाजमावर टेकता टेकता विचारतात, "मग, यंदा कुठे जायचे?"

या प्रश्नाला उत्तरे दोन दिशांनी येतात. पाच-सहा वर्षांच्या धाकट्यांचे उत्तर तयार असते: पाणी, वाळू, हत्ती. थोरल्यांचे, विशेषतः नुकतीच दहावीची परीक्षा दिलेल्या मुलीचे उत्तर पुष्कळ घरांत असे असते: "तुम्ही जा, मी आजीजवळ राहते." हे वाक्य आईच्या मनाला लागते. मुलगी दुरावली, अशी तिची समजूत होते. वस्तुतः मुलीला घर नकोसे झालेले नसते. तिला मागच्या वर्षीची सुट्टी आठवत असते. पहाटे पाचला उठवून मोटारीत बसविणे, एका दिवसात सात ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी सर्वांना एका ओळीत उभे करून छायाचित्र, आणि "ताई, जरा छोटूला धर गं" हे वाक्य दिवसातून वीस वेळा. तिच्या लेखी ती सुट्टी नव्हती, बिनपगारी नोकरी होती.

तरीही तिला मागे ठेवून जाणे हा उपाय नव्हे. दहावीनंतरची सुट्टी ही शालेय जीवनातील सर्वांत मोठी सुट्टी. अकरावीपासून शिकवणी वर्ग, बारावीनंतर परगावचे वसतिगृह, पुढे नोकरी, धंदा वा विवाह. थोरली सोळा वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा असेल, तर दोघांनी एकाच डब्यात बसून घरच्या मंडळींबरोबर प्रवास करण्याचे प्रसंग आता बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक असतात. धाकट्याला तर यापुढच्याच सहली आठवणार. आणि त्या आठवणींत ताई असणार की नाही, हे याच एक-दोन वर्षांत ठरते.

नियोजन करणारे वडीलधारे येथे बहुधा सरासरी काढतात. दोन प्रतींच्या मालाचा मधला भाव काढावा, तसे धाकट्यांना फार कठीण नाही आणि थोरल्यांना फार बालिश नाही, असे ठिकाण शोधले जाते. रंगीत कारंजे, बागेतील नौका, सूर्यास्ताचा कडा. परिणामी धाकटे थकतात, थोरले कंटाळतात आणि भाडे मात्र दोघांचेही पुरेपूर पडते. सहा वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात आनंद असतो. त्याला तेच तळे तीन दिवस चालते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना उशिरा उठणे, थोडा एकान्त आणि आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे ही जाणीव हवी असते. या दोन गरजांची सरासरी निघत नाही. दिवसाचे भाग मात्र पाडता येतात: सकाळ सर्वांची, दुपार ज्याची त्याची, संध्याकाळ पुन्हा सर्वांची.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून श्रवणबेळगोळ आणि म्हैसूर ही जोडी घेता येईल. दोहोंमधील अंतर सुमारे ८५ किलोमीटर आहे, म्हणजे मोटारीत बसून कोणाची दमछाक होत नाही. पुणे, मिरज, हुबळी या मार्गाने म्हैसूरला जाणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत. सहा रात्री हाती असतील, तर त्यांतील दोन रेल्वेत जातील. उरलेल्या चारांपैकी एक श्रवणबेळगोळला आणि तीन म्हैसूरला द्याव्यात. दोनच मुक्काम, तिसऱ्या गावाचा मोह टाळावा. रोज सामान बांधणे आणि सोडणे यात धाकट्यांचा जीव जातो व आयांची सुट्टी जाते.

विंध्यगिरीवरील भगवान बाहुबलींची मूर्ती इसवी सन ९८१ च्या सुमारास गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने घडवून घेतली. एकसंध पाषाणातील ही मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. वर जाण्यास खडकातच कोरलेल्या सुमारे साडेसहाशे पायऱ्या आहेत व त्या अनवाणी चढावयाच्या असतात. मे महिन्यात ऊन चढले की खडक तापतो, म्हणून उजाडताच निघावे आणि पायात जाड मोजे घालावेत. नवकारशीची वेळ होईतो वडील माणसे निम्म्या वाटेवर असतात. न्याहारी खाली उतरल्यावर. धाकट्यांना मात्र निघण्यापूर्वी काहीतरी द्यावे, उपाशी मुलाला कडेवर घेऊन साडेसहाशे पायऱ्या चढण्यात कोणतेही पुण्य नाही. धाकट्यांना पायऱ्या मोजावयास सांगाव्यात. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो व उतरताना पुन्हा मोजणी सुरू होते.

थोरल्यांसाठी वर एक निराळी गोष्ट आहे. मूर्तीच्या चरणांजवळ मराठी भाषेतील अतिशय प्राचीन लेखांत गणला जाणारा लेख कोरलेला आहे. मूर्ती चामुंडरायाने करविली व भोवतीचा परकोट गंगराजाने करविला, एवढेच तो सांगतो. दहा वर्षे शाळेत मराठी शिकलेल्या मुलाला कन्नड मुलखातील डोंगरावर, आपल्याच तीर्थात, आपल्या भाषेची इतकी जुनी अक्षरे पाहताना काय वाटते, हे त्याला विचारू नये. तो नंतर आपण होऊन बोलेल. समोरची चंद्रगिरी टेकडी लहान, आणि गर्दीही कमी. इतिहासाच्या पुस्तकातील सम्राट चंद्रगुप्त मौर्य राज्य सोडून आचार्य भद्रबाहूंबरोबर येथे आला व येथेच त्याने सल्लेखना घेतली, अशी परंपरा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांना एका काकांबरोबर तेथे सोडावे आणि धाकट्यांना मनसोक्त झोपू द्यावे.

म्हैसूरला क्रम उलटा करावा. तेथील प्राणिसंग्रहालय १८९२ साली स्थापन झालेले, विस्तीर्ण आणि भरपूर सावलीचे आहे. मंगळवारी ते बंद असते. धाकट्यांना तेथे दोनदा नेले तरी चालेल. रेल्वे संग्रहालयात वाफेची जुनी इंजिने आहेत. ही दोन्ही ठिकाणे पाहण्याची सक्ती थोरल्यांवर करू नये. त्या वेळात त्यांनी एका मोठ्या माणसाबरोबर देवराज बाजारात जावे. फुलांचे हारे, कुंकवाचे रंगीत ढीग, उदबत्त्या, चंदन. व्यापारी पिता परगावच्या बाजारपेठेत शिरला की भाव विचारल्यावाचून त्याला राहवत नाही, हे सर्वच घरांना ठाऊक आहे. एरवी आई त्यावर रागावते. पंधरा वर्षांच्या मुलाने मात्र वडिलांना असे बोलताना ऐकावे. आपल्या गावी गादीवर बसलेले वडील आणि अनोळखी भाषेत खुणांनी घासाघीस करणारे वडील, ही दोन वेगळी माणसे असतात, व दुसऱ्याशी मुलाचे लवकर जमते.

संध्याकाळचा विषय निघाला की चौविहाराचा प्रश्न पुढे येतो. अनेकांना ती अडचण वाटते; प्रवासात ती सोयही ठरते. मे महिन्यात म्हैसूरला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. इतर मंडळी उपाहारगृहांच्या दारांत रांगा लावून उभी असतात, तेव्हा जेवण उरकलेल्या कुटुंबाची संपूर्ण संध्याकाळ मोकळी असते. राजवाड्याची रोषणाई, सुमारे एक लाख दिव्यांची, रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या संध्याकाळी असते. मुक्कामात रविवार येईल अशी तारीख धरावी. त्या अर्ध्या तासात सहा वर्षांचा आणि सोळा वर्षांची एकाच बाजूला पाहत असतात. ते दृश्य विरळा.

दिवसा खाण्याचे नियम सांभाळणे अधिक कष्टाचे आहे. दाक्षिणात्य जेवण शाकाहारी असले, तरी सांबारात कांदा, मसाला डोशात बटाटा, रसमात लसूण आणि पुष्कळदा नारळाच्या चटणीतही आले असते. इडली, साधा डोसा आणि घरून आणलेली कोरडी चटणी यांवर न्याहारी उत्तम होते. खाकरे, शेव, दशम्या, पुडाच्या वड्या असा एक डबा स्वतंत्र पिशवीत असावा व तो सर्वांत आधी भरावा. येथे एक नाजूक गोष्ट. घरी नियम पाळणारी कुमारवयीन मुले परगावी कधी कधी बिचकतात. वाढप्याला चार वेळा विचारणारी आई पाहून त्यांना ओशाळल्यासारखे होते. त्यांना मेजावर सर्वांसमक्ष बोलणे लावल्यास नियमाविषयी प्रेम उत्पन्न होत नाही. त्याऐवजी मागणी देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. काय चालते, काय चालत नाही आणि का, हे वाढप्याला समजावून सांगताना मूल ते स्वतःलाही सांगत असते.

सोपविण्यासारखे दुसरे काम हिशेबाचे. सहलीचा रोजमेळ थोरल्याने लिहावा. सुरुवातीची शिल्लक, जमा, नावे, रात्री झोपण्यापूर्वी मेळ. वडिलांनी रस्त्यात घेतलेली कॉफी आणि काकांनी उचललेले उदबत्तीचे नमुने यांचीही नोंद झालीच पाहिजे; धंद्याचा खर्च निराळा काढण्यास कोणाची हरकत नसावी. वाहनखर्चात वाचलेली रक्कम कशावर खर्च करावी, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. अधिकार नुसता तोंडी असेल, तर मुलांना तो लगेच कळतो. एखाद्या रात्री दोनशे रुपयांचा मेळ बसला नाही, तर बसला नाही. मुनीमजींचेही चुकते.

तिकिटांचे कामही याच वयाला जमते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवस खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, म्हणून जुन्या सवयीने कोणी घाई करू नये आणि सुस्तही राहू नये. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र शय्या नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला शय्येशिवाय अर्धे भाडे व शय्येसह पूर्ण भाडे पडते. एकत्र कुटुंबातील दहा-बारा माणसांचा हा हिशेब दहावी झालेल्या मुलीने एकदा करून पाहावा. गणिताच्या पेपराहून तो अवघड आहे.

भ्रमणध्वनीच्या बाबतीत मुलांइतकेच वडिलांकडेही पाहावे लागते. मुलांनी फोन पिशवीत ठेवावा आणि वडिलांनी मात्र पायरीपायरीवर "तो गठ्ठा पाठवला का?" असे विचारावे, हे थोरल्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुपारच्या विश्रांतीचा एक तास दुकानाचा आणि मुलांच्या मित्रमंडळींचा, सर्वांना एकच नियम. हे जमण्यासाठी गादीवर विश्वासाचे माणूस हवे, आणि एकत्र कुटुंबात ते बहुधा एक भाऊ असतो. दरवर्षी धाकटाच भाऊ मागे राहतो, असे पुष्कळ घरांत आढळते. त्याची मुले काकांबरोबर आनंदाने जातात खरी; परंतु डोंगरावर इतरांना त्यांच्या वडिलांनी खांद्यावर घेतलेले ती पाहत असतात. येथे पाळी लावावी, आणि ती मोठ्या भावाने आपण होऊन लावावी. धाकट्याला ती मागावी लागू नये.

ज्यांना मे महिना मुळीच जमत नाही, त्यांच्या हाती दिवाळीतील पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंतचे मोजके दिवस येतात. त्यांपैकी एक भाऊबीजेचा. या दिवसांत पालिताण्याचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते व ती कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. एवढ्या थोड्या अवधीत वेरूळ बरे. छत्रपती संभाजीनगरपासून ते सुमारे ३० किलोमीटर आहे. मंगळवारी लेणी बंद असतात. जैन लेणी ३० ते ३४ या क्रमांकांची असून ती उत्तरेच्या टोकाला आहेत. बहुतेक लोक १६ क्रमांकाचे कैलास पाहून दमतात आणि तेथूनच परततात. आपण सकाळी प्रथम ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत जावे, तेव्हा तेथे शांतता असते. कैलास त्यानंतर. दिवाळीत सहाच्या आतच सूर्यास्त होतो, तेव्हा चारलाच परत फिरावे लागेल. धाकट्यांच्या हाती एकेक छोटी विजेरी द्यावी. अंधाऱ्या गाभाऱ्यात छतावरची कमळे तेच आधी शोधून काढतील.