फावडं नको, नोंदवही द्या

२०२५ च्या मार्चमध्ये 'छावा'ची हवा असताना बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं शोधत होते. ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. त्याखालची एक मागणी मला आजही ऐकवली जाते: हे मशीनच बंद करा.

मी छत्रपती संभाजीनगरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि शाळेपासून मला डिटेक्टरचा नाद आहे. इंजिनीअरिंगला असताना एक स्वतः बनवलाही. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडायचं. जवळ धातू असला की त्यात प्रवाह फिरतो आणि हेडफोनमधला आवाज बदलतो. बस, एवढंच. मामाच्या शेतात मला त्याने खिळे, बैलाची नाल आणि बाटल्यांची झाकणं दिली. मशीन चोरी करत नाही. आवाज आल्यावर माणूस काय करतो, प्रश्न तिथे आहे. आणि प्रामाणिक माणसाने काय करावं, याची सोय आपण केलेलीच नाही.

समजा, पैठणजवळ नांगरताना एखाद्याला सातवाहनांची मूठभर शिशाची नाणी सापडली. कायदा १८७८ चा आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. इथपर्यंत ठीक. पण सरकारला ती वस्तू हवी असेल, तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे दोन हजार वर्षांच्या नाण्याला शिशाचा भाव! नाणी चांदीची असली की तो माणूस कुठे जाईल, सांगायला हवं का? सराफाच्या मुशीत नाणं जातं आणि ते कुठल्या शेतात निघालं, ही माहितीही जाते.

त्या माहितीची किंमत जोगळटेंभीला विचारा. नाशिकजवळच्या या गावी १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला होता. साठा एकत्र मोजला गेला, म्हणून एका राजाने दुसऱ्याचा पाडाव केल्याचा तो पुरावा ठरला. वीस घरांत वाटला असता, तर फक्त चांदी उरली असती.

'हौशी लोकांनी यात पडू नये' म्हणणाऱ्यांनी तेर आणि पैठणला जाऊन यावं. रामलिंगप्पा लामतुरे आणि बाळासाहेब पाटील हे काही पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते. आज तिथली शासकीय वस्तुसंग्रहालयं त्यांच्या संग्रहांवर आणि त्यांच्याच नावाने उभी आहेत.

इंग्लंडमध्ये हेच भांडण झालं. १९८० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरविरुद्ध मोहीम काढली. १९८१ मध्ये छंदिष्टांनी आपली राष्ट्रीय संघटना बांधली. बरीच वर्षं शिवीगाळ चालली. १९९७ मध्ये सापडलेल्या वस्तू नोंदवायची योजना सुरू झाली आणि आजवर १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. रात्रीचे चोर तिथेही आहेत. पण चोर आणि छंदिष्ट यांच्यात फरक करता येतो, कारण छंदिष्टाकडे नोंद असते.

'आपल्याकडे मूर्तिचोरी चालते, गुप्तधनाच्या नादाने माणसांचे बळी गेलेत,' हा आक्षेप खरा आहे. पण तस्कर परवानगी मागायला येत नाही. बंदीने फक्त विचारून करणारा थांबतो.

म्हणून कुठेही खणायचा हक्क मला नकोच. संरक्षित स्मारकं आणि गावोगावची पांढरीची टेकाडं डिटेक्टरला पूर्ण बंद ठेवा, मोडणाऱ्याला जबर शिक्षा करा. शेतात मालकाची लेखी परवानगी आणि नांगर जातो तेवढीच खोली. एकापेक्षा जास्त वस्तू दिसल्या, तर हात थांबवायचा, फोटो आणि लोकेशन घ्यायचं, कळवायचं. हे नियम आम्ही पाळू.

बदल्यात दोन गोष्टी द्या. प्रत्येक जिल्ह्यात फोटो, वजन, जागा लिहून घेऊन पावती देणारा एक माणूस. आणि धातूच्या नाही, वस्तूच्या किमतीवर मोबदला. पहिल्या गोष्टीला लागतो एक फॉर्म आणि एक टेबल. दुसरीसाठी दीडशे वर्षांच्या जुन्या कायद्यातलं एक कलम बदलावं लागेल. तोवर खरीप-रब्बीच्या प्रत्येक नांगरटीला मराठवाड्याचा इतिहास वर येत राहील आणि भंगारात जात राहील.