मैदानातली हजेरी

वेंकटेश अय्यर वित्त विषयात पीएच.डी. करतो आहे, ही बातमी आली तेव्हा बहुतेकांनी ती गंमत म्हणून वाचली. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ज्याच्यावर २३ कोटी ७५ लाखांची बोली लागली, त्याला प्रबंध कशाला लिहायचा आहे, हा प्रश्न कुणी उघड विचारला नाही, पण बातमीच्या ओळीओळीत तो होता. इंदूरच्या या मुलाचे उत्तर सरळ होते. साठीपर्यंत क्रिकेट खेळता येत नाही आणि शिकलेले मरेपर्यंत सोबत राहते, असे तो म्हणाला. एखाद्या प्राध्यापकाने क्रिकेट खेळायचे ठरवले असते तर आपल्याला त्याचे कौतुक वाटले असते. क्रिकेटपटूने शिकायचे ठरवले तर नवल वाटते. असे का वाटते, हे तपासायला हवे, कारण या नवलाखाली एक जुनी समजूत दडलेली आहे: जो चांगला खेळतो त्याचे डोके बेताचेच असणार.

अय्यरच्या बाबतीत ही समजूत टिकायला जागाच नाही. बी.कॉम. सोबत त्याने सीएची तयारी केली, इंटरमीजिएट परीक्षा उत्तम गुणांनी पार केली आणि २०१६ मध्ये सीए सोडून एमबीएला प्रवेश घेतला. अंतिम परीक्षेमागे लागलो तर क्रिकेट संपेल, हा हिशेब त्याने तेव्हाच केला होता. २०१८ मध्ये डेलॉईटची नोकरी चालून आली. त्यासाठी बंगळूरला जावे लागणार होते, म्हणून तीही नाकारली. महाविद्यालयात अंतर्गत परीक्षेचा पेपर लिहून थेट मैदानावर पोहोचायचे आणि शतक ठोकायचे, असाही किस्सा त्याने सांगितला आहे. मात्र त्याच्या सांगण्यातला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे आणि त्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्याच्या शिक्षकांना क्रिकेटची आवड होती. त्यांनी त्याच्या हजेरीचे पाहिले, त्याच्यासाठी टिपणे काढून ठेवली, परीक्षेच्या तारखा पुढेमागे केल्या.

म्हणजे त्याचे सगळे जमले ते शिक्षकांना क्रिकेट आवडत होते म्हणून. त्यांना कबड्डी आवडत नसती आणि तो कबड्डी खेळत असता तर?

कोणत्याही महाविद्यालयात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिसणारे दृश्य ओळखीचे आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेहून रात्रीच्या गाडीने परतलेला मुलगा सकाळी ट्रॅकसूटमध्येच वर्गाच्या दाराशी उभा असतो. किटबॅग बाहेर भिंतीला टेकवलेली, हातात क्रीडा विभागाचे पत्र, त्यावर गोल शिक्का. सर पत्र न वाचताच मान हलवतात आणि वर्गाकडे पाहून एखादा शेरा मारतात. वर्ग हसतो, मुलगाही हसतो आणि मागच्या बाकावर जाऊन बसतो. ७५ टक्के हजेरीची अट त्याच्यासाठी कागदोपत्री पूर्ण होते. तीन आठवड्यांत जे शिकवून झाले, ते त्याला पुन्हा कुणी शिकवत नाही. पुढे त्याला केटी लागली की तोच निष्कर्ष निघतो: खेळाडूच तो, अभ्यास कुठून करणार!

या न्यायात आणखी एक मोजपट्टी आपण भारतीयांनी खास आपली म्हणून जोडली आहे. ती इंग्रजीची. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधल्या ताम्पेरे येथे २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत हिमा दास ४०० मीटर शर्यत जिंकली. जागतिक स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक. पण त्याच स्पर्धेतल्या उपांत्य फेरीनंतर भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने समाजमाध्यमावर कौतुकाच्या सुरात काय लिहिले, तर तिचे इंग्रजी तितकेसे सफाईदार नाही, तरी तिने छान प्रयत्न केला. टीका झाल्यावर महासंघाने माफी मागितली. ज्यांनी तिच्या धावण्याची काळजी घ्यायची, त्यांनाच तिची वाक्यरचना आधी दिसावी, यावर आणखी काही लिहायला नको.

अय्यरच्या इंदूरला तरी खेळाडूचे डोके बेताचे, ही समजूत शोभत नाही. या शहराचे जुने क्रिकेट म्हणजे होळकरांचा संघ. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या या संघात एक चंदू सरवटे होते. चंदू सरवट्यांकडे कला आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या होत्या आणि बोटांच्या ठशांची तपासणी हा त्यांचा पेशा होता. मे १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले, तेव्हा दहाव्या क्रमांकाच्या सरवट्यांना साथ द्यायला शुटे बॅनर्जी आले. दोघांनी मिळून २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक काढण्याचा प्रकार प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. रेषा न् रेषा निरखून माणूस ओळखण्याचे काम करणाऱ्याला चेंडूची शिवण दिसत असेल, यात आश्चर्य ते काय!

आणि पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर? परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्या पिढीला वर्ग आणि मैदान ही दोन वैरी गावे वाटत नव्हती.

तरीही ही नावे जपूनच वापरायला हवीत. कुंबळे अभियंता, श्रीनाथ अभियंता, अश्विनही अभियंता, इंदुरात जन्मलेला द्रविड वाणिज्य पदवीधर, अशी यादी म्हणून दाखवणे हा खेळाडूंचा बचाव वाटतो, पण त्यात खरी गोची आहे. ‘बघा, यांच्यातही हुशार निघतात’ असे म्हणताना बाकीच्यांना आपण परस्पर नापास करून टाकतो. शिवाय पदवी हेच अकलेचे माप हेही मान्य करून बसतो. मग चौथीनंतर नियमित शाळा सोडून अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या गुकेशला कोणत्या रकान्यात बसवायचे?

अमेरिकेने खेळाडूंची बुद्धी मोजायचा प्रयत्न फार मन लावून केला. तिथले महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’ हा अब्जावधींचा धंदा. त्यातून व्यावसायिक लीगमध्ये जाणाऱ्या मुलांना काही दशके वंडरलिक नावाची चाचणी द्यावी लागे: १२ मिनिटांत ५० प्रश्न. गुण गोपनीय असत, पण हमखास फुटत. २०१२ मध्ये मॉरिस क्लेबोर्न या खेळाडूला ५० पैकी ४ गुण मिळाल्याचे छापून आले आणि देशभर त्याची टिंगल झाली. तरी डॅलसच्या संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले. उलट हार्वर्डच्या पॅट मॅकिनालीने १९७५ मध्ये ५० पैकी ५० मिळवले आणि त्यामुळेच तो निवडीत खाली घसरल्याचे बोलले गेले. फार हुशार खेळाडू प्रशिक्षकांना नकोसा असतो, असे तो स्वतःच सांगत असे. मायरन रोलची कथा तर त्याहून तिखट. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा हा बचावपटू ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन २००९ मध्ये ऑक्सफर्डला गेला. परतल्यावर निवड मुलाखतीत, संघाला वाऱ्यावर सोडून जाताना कसे वाटले, असे त्याला विचारण्यात आले. २०१० मध्ये सहाव्या फेरीत त्याचे नाव पुकारले गेले आणि मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आज तो मेंदूचा शल्यविशारद आहे. कमी गुण मिळाले तर मठ्ठ आणि जास्त मिळाले तर बेभरवशाचा. अखेर लीगने २०२२ मध्ये ही चाचणीच बंद केली.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वीडनच्या फुटबॉलपटूंना वेगळ्या धाटणीच्या चाचण्या दिल्या होत्या. वेळेच्या दडपणाखाली नवनवे पर्याय सुचणे, नियम पाळत झटकन मार्ग बदलणे, अशा क्षमता त्यात तपासल्या जात. वरच्या श्रेणीचे खेळाडू खालच्या श्रेणीपेक्षा आणि सर्वसामान्यांपेक्षा सरस ठरले. इतकेच नव्हे, तर चाचणीतली कामगिरी आणि पुढच्या दोन हंगामांतले गोल व गोलसाहाय्य यांचाही मेळ दिसला. ही बुद्धी आपल्या सत्र परीक्षेत मोजली जात नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

पण म्हणून सत्र परीक्षाच माफ करून टाकायची का? इथे खेळाडूंचे कैवारी चुकतात, आणि त्यांची चूक टिंगल करणाऱ्यांपेक्षा महाग पडते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात असे वर्ग चालत, जे कधी भरतच नसत. एक निबंध द्यायचा, तो कचेरीतल्या सचिव बाईंनी तपासायचा आणि भरघोस गुण टाकायचे. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी हा लाभ घेतला आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१४ च्या चौकशी अहवालात सगळे उघड झाले. डेक्स्टर मॅनली या फुटबॉलपटूने तर १९८९ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सांगितले, की ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढूनही त्याला धड वाचता येत नव्हते. त्याच्यावर दया दाखवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने त्याला मठ्ठच मानले होते, फक्त तसे तोंडाने म्हटले नाही.

आपल्याकडचे ‘बघून घेऊ रे तुझे’ त्याच जातीचे. करंडक प्राचार्यांच्या दालनात काचेच्या कपाटात जातो, नॅकच्या अहवालात त्याची नोंद होते आणि मुलगा ढकलपास होऊन बाहेर पडतो. आयपीएलचा लिलाव अय्यर, रजत पाटीदार, आवेश खान यांच्यासारख्या मोजक्यांसाठी. विद्यापीठ संघातल्या बाकीच्यांना पंचविशीत नोकरीचे अर्ज भरायचे असतात आणि तिथे गुडघ्याची दुखापत व पाठ न झालेला अभ्यासक्रम या दोनच गोष्टी सोबत असतात.

सवलत द्यायची ती वेळेत द्यावी, ज्ञानात नव्हे. तालिमेरेन आओ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते, तेव्हा ते कलकत्त्याच्या कारमायकल वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. १९५० मध्ये ते एमबीबीएस झाले आणि पुढे नागालँडमध्ये आरोग्य सेवेत गेले. कर्णधार आहे म्हणून शरीरशास्त्रात सूट दिलेला डॉक्टर कुणालाच नको असतो. आणि ही सवलत कुणाच्या मर्जीवरही सोडू नये. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात कुस्तीपटू खाशाबा जाधवांची चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता. परवानगी मिळाली ती प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि १९५२ मध्ये खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. खर्डेकर थोर होतेच. पण दर पिढीला असा प्राचार्य भेटेल, या आशेवर व्यवस्था चालत नसते.

नियम करणे अवघड नाही. सीबीएसई राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळणाऱ्या मुलांची परीक्षा नंतर घेते. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या आणि त्यांतली एक मुलींसाठी राखली. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होण्याची अट मात्र त्यांनी काढली नाही. ती पार केल्यावरच खेळातली गुणवत्ता पाहिली जाते. आयआयटी आणि आयआयएम दोन्ही नांदणाऱ्या इंदूरला हे कळायला अवघड जाऊ नये. भारतीय विद्यापीठ संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वार्षिक वेळापत्रक काढतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने सत्राच्या तारखा ठरवताना ते समोर घ्यावे. स्पर्धेमुळे पेपर बुडालेल्यांसाठी महिन्याभरात त्याच काठिण्याची दुसरी परीक्षा घ्यावी. संघ परतल्यावर दोन आठवडे रोज एक तास बुडालेल्या धड्यांसाठी राखावा आणि तो तास शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या कार्यभारात धरावा. त्याला क्रिकेट आवडते की नाही, हे मग विचारावे लागणार नाही.