लाकडी घोडी

नद्यांच्या बाबतीत आपल्या खानदेशची स्थिती मोठी विलक्षण आहे. उन्हाळ्यात पांझरेच्या वाळूतून मुले पायही ओला न करता पैलतीरी जातात. परंतु १८७२ साली ह्याच पांझरेच्या पुरात धुळ्यातील पुष्कळ घरे वाहून गेली. जेथे पाणी वर्षाचे बहुतेक महिने दूर असते, तेथे पाण्यावरची साधनेही तितकेच महिने विस्मरणात जातात. ह्या विस्मरणावर एक अगदी साधा उपाय आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. तो म्हणजे घरी केलेली लाकडी घोडी.

होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविण्याचे यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल. वर एंजिन, मध्ये लांब दांडा आणि तळाशी पाणी मागे सारणारा पंखा, अशी त्याची रचना असते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यास असते. पुरात अडकलेल्यांना सोडविणाऱ्या अशा दलांच्या रबरी नावांना हीच यंत्रे लावतात. ते अमेरिकेच्या बाजारात यशस्वी करून दाखविणारा ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला गृहस्थ. त्याने हे यंत्र १९०९ साली विक्रीस आणले. त्याचा मूळ धंदा कोणता, तर ओतकामासाठी लाकडी साचे करण्याचा! लोखंडी यंत्राच्या मुळाशी सुतारकाम आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पावसाळा सरला म्हणजे हे यंत्र उतरवून कोपऱ्यात आडवे टाकण्याचा मोह होतो. तो घातक आहे. यंत्र थंड राखण्यासाठी नदीचे पाणी त्याच्या आतून खेळत असते. यंत्र उभे असेल तर ते पाणी आपोआप गळून जाते. आडवे टाकल्यास आत साचून राहते व क्वचित वरच्या भागात शिरून गंज चढविते. काही यंत्रांतील तेलही भलत्या ठिकाणी जाते. टाकीत राहिलेले पेट्रोल महिनोनमहिने पडून चिकट होते, ते वेगळेच. मग भाद्रपदातील एखाद्या रात्री दोरी ओढावी आणि यंत्राने हूं की चूं करू नये! छपरावर बसून वाट पाहणाऱ्याला त्या वेळी कोणते कारण सांगावे?

घोडी करणे कठीण नाही. मात्र एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. यंत्र फळीच्या एकाच बाजूस लोंबते, आणि त्याचा जड भाग वर असतो. म्हणून घोडीचे पाय यंत्राच्या बाजूस अधिक लांब पसरावे, नाही तर ती तोंडावर आपटेल. पंचवीस अश्वशक्तीच्या यंत्राचे वजन पन्नास किलोच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असते, हे विसरू नये. वरची फळी सुमारे दीड ते दोन इंच जाड, गाठी नसलेल्या सागाची असावी, म्हणजे यंत्राचे स्क्रू तिला घट्ट धरतील. फळीची उंची पुस्तकात शोधू नये. आपल्याच यंत्राचे माप घ्यावे आणि पंख्याखालचा भाग जमिनीपासून चार बोटे वर राहील असे करावे. पायांस बाभूळ चालेल. जे लाकूड नांगर व गाडी सोसते, ते हा भारही सोसते. जोड खाचेत बसवून नट-बोल्टांनी आवळावे आणि दोन्ही बाजूंस तिरपे आधार द्यावे. पायांमध्ये पाण्याचे पिंप मावेल इतकी जागा अवश्य ठेवावी. दर महिन्यास पंख्याचा भाग त्यात पुरेसा बुडवून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि उघड्या जागी, यंत्र थोडा वेळ चालवून पाहता येते. पाण्यावाचून मात्र ते कधीही चालवू नये. आतील पंप बिघडतो.

कोणी म्हणेल, लोखंडी घोडी विकत मिळते, मग हा खटाटोप कशाला? लोखंडी घोडी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु विकत आणलेली वस्तू आपण वापरतो, आणि स्वतः केलेली वस्तू आपण जपतो. ज्या मुलाने गुण्या लावून कोन तपासला, चुकलेला तुकडा टाकून पुन्हा करवत धरली, तो त्या घोडीवरील यंत्राकडे दर महिन्यास वळून पाहील. शिवाय लाकडी पाय मोडला तर गावचा सुतार तो तासाभरात बदलून देईल.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या हाती रंधा दिसल्यास 'हे काय शिकलेल्याचे काम?' असे म्हणू नये. ज्यांच्या घरी होडी नाही, त्यांच्या घरी विहिरीवरचा पंप असेल, फवारणीचे यंत्र असेल. त्यांनाही वर्षातील बरेच दिवस स्वस्थ उभे राहण्यास नीट जागा हवी असते. संकट आले म्हणजे धावून जाणाऱ्याचे कौतुक सर्वच करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कोरड्या दिवसांत ज्याने ते यंत्र सज्ज राखले, त्याचाही त्या पुण्यात वाटा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी तो वाटा मिळवावा, अशी आमची इच्छा आहे.