करवत घरात येऊ द्या

लाकडात कातरलेली वेलबुट्टी हातात घेतली की पाहुणे मंडळी हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘बाई, एका नगाचे किती घेता?’ आणि दुसरा, आवाज जरा उतरवून, ‘तुमच्यात पूर्वी सुतारकाम होतं का?’ मी निफाडमध्ये चित्रकलेची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत स्क्रोल सॉ मांडली आणि तेव्हापासून हे प्रश्न ऐकते आहे. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या दोन प्रश्नांमागे जो विचार आहे, त्यानंच आपल्या घरांतून आणि शाळांतून करवत बाहेर ठेवली आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र काय ते सांगते. ही टेबलावर बसणारी करवत. पाच इंच लांब आणि जेमतेम मिलिमीटरभर रुंद पातं दोन पकडींत उभं ताणलेलं असतं. मोटर ते मिनिटाला साधारण चारशे ते सोळाशे वेळा वर-खाली हलवते. करवत जागची हलत नाही, लाकूड आपण फिरवायचं. जिनं शिलाई मशीनवर ब्लाउजच्या गोल गळ्याला पट्टी लावली आहे, तिचे हात हे काम आधीपासूनच ओळखतात. डोळा रेषेवर, बोटं सपाट, ओढाताण नाही. मोटर शंभर-सव्वाशे वॅटची, म्हणजे वीज मिक्सरपेक्षा कितीतरी कमी. गोल पात्याच्या करवतीसारखी ती फळी अंगावर भिरकावत नाही. विजेवर चालणाऱ्या करवतींत सुरुवात करायला हिच्याइतकी सोशिक दुसरी नाही.

आमच्या तालुक्यात नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. द्राक्षाचं पान घ्या. पाच भागांत फाकलेलं, कडेनं दंतुर, देठाशी खोल खाच. कागदावर ते गिरवायचं आणि सहा मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवायचं. पात्याच्या एका कडेला बनवतानाच किंचित धार राहून जाते, त्यामुळे लाकूड नाकासमोर ढकललं की रेघ बाजूला सरकते; थोडं तिरकं धरलं तरच ते सरळ कापलं जातं. हा तिरकेपणा प्रत्येक पात्याचा थोडा वेगळा, तो हातालाच कळतो. खाचेच्या टोकाशी आलं की पुढे रेटायचं नाही. यंत्र चालूच ठेवायचं, लाकूड केसभर मागे घ्यायचं, पात्याच्या गुळगुळीत पाठीवर टेकवायचं आणि जागच्या जागी फिरवायचं. बोटांचा दाब सैल पडला तर फळी थडथडते. ताण नीट बसलेला असेल तर पातं बोटानं छेडल्यावर स्वच्छ सूर देतं. बद्द आवाज आला तर कळ आणखी फिरवायची.

नावाच्या पाट्या हा या कामातला माझा आवडता भाग. रोमन लिपीत नाव कापलं की अक्षरं सुटी होऊन हातात येतात, त्यांना मागून फळीचा आधार लागतो. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. ‘निफाड’ हे नाव एकसंध तुकड्यात निघतं, सगळी अक्षरं वरच्या दांडीला टांगलेली. ‘पिंपळगाव’ अधिक कसोटीचं. दोन्ही ‘प’, ‘ळ’ आणि ‘व’ यांच्या पोटातली जागा काढायला प्रत्येक ठिकाणी बारीक भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि मग कापायचं. अनुस्वार एकटाच हवेत राहतो, म्हणून चित्र काढतानाच त्याला वेलांटीला जोडून घ्यावं लागतं. आयुष्यभर फळ्यावर अक्षर गिरवून घेतलं, पण कोणता अवयव कशाच्या आधारानं उभा आहे याचा असा विचार मला करवतीनंच करायला लावला.

आता पहिला प्रश्न, किती घेता? लेझर मशीनवाला तीच पाटी काही मिनिटांत कापून देतो. पाटी हवी असेल तर खुशाल त्याच्याकडे जावं. मला पाटी कापायची असते. आपल्याकडे मुलगी भरतकाम करते म्हटलं की ऑर्डर घेते का, मुलगा तबला शिकतो म्हटलं की कार्यक्रम मिळतात का, अशी विचारणा लगेच होते. कांद्याचा भाव रोज लासलगावला ठरतो, द्राक्षाचा हंगाम एका अवकाळी पावसात जातो. अशा तालुक्यात माणसं प्रत्येक गोष्टीचा भाव विचारणार, हे मी समजू शकते. तरीही दिवसातला थोडा वेळ भावाबाहेरचा असायला हवा. दर छाटणीच्या हंगामाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला तर तो अधिकच हवा. हात गुंतले की काही काळ तरी मोबाइल बाजूला राहतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांतही पाहते.

शिवाय हा वेळ वाया जातो असंही मला वाटत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1842 साली याच निफाडमध्ये जन्मले. देशानं नुसता कच्चा माल पिकवत बसू नये, ही त्यांची तळमळ होती. 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली ती त्यांच्याच पुढाकारानं. आमच्याच तालुक्यात ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना आहे. मिलिमीटरचं भान असलेले हात असल्या कारखान्यांना लागतात, आणि ते भान बारावीनंतर एकदम येत नाही. दहाव्या वर्षी रेषेच्या बाहेर गेलेलं पातं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर येतं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. बारा बलुतेदारांत सुतार होता. औताची, बैलगाडीची कामं त्याची, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा. या व्यवस्थेनं लाकडाचं ज्ञान एका जातीच्या पदरात बांधलं आणि बाकीच्यांना त्यापासून दूर ठेवलं. नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या गणेशपट्ट्या, महिरपी बघा, शेजारी चांदवडला होळकरांच्या रंगमहालातलं लाकूडकाम बघा. ज्यांनी ते केलं त्यांची नावं आपण जपली नाहीत. लिहिणाऱ्याला मान आणि रंधा मारणाऱ्याला आवाज उतरवून विचारलेला प्रश्न, ही वाटणी मला मान्य नाही. प्राध्यापकाच्या, डॉक्टरच्या, किराणा दुकानदाराच्या घरात करवत आली, तर सुताराच्या कामाची किंमतही लोकांना कळेल.

ही वाटणी मुलामुलींतही झाली. मी शाळेत शिकत होते तेव्हा हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना फ्रेट सॉची हातकरवत मिळायची आणि आम्हा मुलींना टाके घालायला रुमाल. मला टाके आवडायचे. पण करवतीची चौकट हातात घ्यावीशी वाटायची, आणि तसं विचारायचं असतं हेही तेव्हा कुणी सांगितलं नाही. आज माझ्या पडवीत सुट्टीच्या दिवशी मुली अधिक येतात. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीला 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. तिथले रोहित आणि चित्रबलाक कापायला त्यांना फार आवडतं. रोहितचे पाय इतके बारीक की लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेनं उभ्या धरल्या नाहीत तर ते मोडतातच. सातवीतल्या एका मुलीनं हे स्वतः ताडलं आणि फळी आडवीची उभी केली. मी काही बोलले नव्हते.

गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञान विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करून शिकतात. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतारकामासारखी कामं शिकवायला सांगितलं आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. हे दहा दिवस सहल आणि भाषणांत उरकले जाऊ नयेत, एवढंच माझं मागणं.

यात जपायच्या गोष्टीही आहेत. लाकडाचा बारीक भुसा फुफ्फुसांना वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. म्हणून काम उघड्या पडवीत, तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि भुसा झाडूनं उडवायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा. जवसाच्या तेलाचं पॉलिश केल्यावर तेलकट चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात. आणि निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा पाच अंशांच्या आसपास उतरलेल्या सकाळी फेविकॉल नीट धरत नाही, चिकटवायचं काम दुपारी उन्हं आल्यावरच करावं.

खर्चाचा बाऊ कुणी करू नये. एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत साधं यंत्र येतं आणि ते साऱ्या शाळेला पुरतं. तेही जमत नसेल तर हातकरवतीच्या चौकटी घ्याव्यात. लाकूड विकत घ्यायला लागत नाही. कारखान्यांच्या पॅकिंगमधून उरलेलं पाइन आणि गावातल्या सुताराकडचे सागाचे तुकडे पुष्कळ होतात. त्याच सुताराला मानधन देऊन शिकवायला बोलवावं आणि मुलांनी त्याला ‘सर’ म्हणावं. पाती मात्र डझनांनी आणून ठेवावीत. सुरुवातीला ती भराभर तुटतात, आणि त्यासाठी मुलांना रागावू नये.