विळ्याची रेघ

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर औजारांचीही पूजा करावी, हा आपला जुना रिवाज. आज नवी मुंबईच्या कारखान्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा चढतील. परंतु ज्या नांगर-विळ्यांनी याच भूमीत भात पिकविला, त्यांना फूल कोण वाहणार?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत झालेल्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले. जमिनीचा हिशेब निदान कागदोपत्री राहिला. औजारांचा कोणी मागितलाच नाही. ती माळ्यावर गंजली, चुलीत गेली, भंगारात विकली गेली.

गतवर्षी याच सुमारास एका गावठाणातील घरी गेलो असता शाळकरी नात वहीत विळा काढीत होती. चित्र सुबक होते, तरी ओटीवरच्या आजोबांनी मान हलविली. दाते मुठीकडे कललेले हवेत, ते म्हणाले. विळा ओढताना कापतो, ढकलताना नव्हे. मग पात्याचा बाक त्यांनी हवेत बोटाने काढून दाखविला. मुलीने खोडून पुन्हा रेघ ओढली, आणि तो विळा एकाएकी देखणा झाला. मला चंद्रकोरीची उपमा सुचली होती. ती मी मुकाट्याने गिळली.

उपाहारगृहांच्या भिंतींवर रोगण चढवून टांगलेले नांगर मला म्हणूनच रुचत नाहीत. तेथे वस्तू असते, पाहणे नसते. रेघ ओढणाऱ्याला मात्र प्रत्येक बाकाचे कारण विचारावेच लागते. जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली स्त्रियांनी लग्नचौकात देवीच्या संगतीला फणी आणि शिडी मांडली, ती काय उगाच? तांदळाच्या पिठाच्या चार रेघांत रोजची वस्तू पूज्य झाली.

उद्या दसरा. मुले पाटीवर सरस्वती काढतील. तिच्या शेजारी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक जू, एक इरले, एक विळा काढावयास शिक्षकांनी सांगावे, एवढेच माझे मागणे आहे. विलंब मात्र नको. १९७० साली विशीत असलेला शेतकरी आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्या दिवशी नातीने पुढच्या पानावर नांगर काढावयास घेतला. त्याचे इसाड, म्हणजे तो लांब दांडा, किती हात असे, हे आजोबांना काही केल्या आठवेना.