दुसरी बाजू सांगणाऱ्याची जबाबदारी

गिल नोबल हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय घरांत मात्र त्यांना पाहत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. १९३२ साली हार्लेममध्ये, जमैकाहून आलेल्या आईवडिलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. आधी पियानो वाजवला, मग रेडिओवर बातमीदारी केली आणि १९६७ साली ते डब्ल्यूएबीसी या टीव्ही वाहिनीवर आले. पुढच्याच वर्षी तिथे ‘लाइक इट इज’ हा कार्यक्रम सुरू झाला. लवकरच त्याची सूत्रं नोबल यांच्याकडे आली आणि २०११ मध्ये पक्षाघाताचा झटका येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये ते गेले. चाळीस वर्षांहून अधिक काळ, दर आठवड्याला त्यांनी एकाच समाजाची गोष्ट सांगितली.

या वेळच्या संपादकीयात त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण ज्या प्रश्नाशी ते आयुष्यभर झगडले तो आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. आपली गोष्ट कोण सांगतं? आणि ती आपणच सांगायची ठरवली, तर कशी सांगायची?

नोबल यांच्यासाठी टीव्हीचं दार कुणाच्या चांगुलपणामुळे उघडलं नाही. जुलै १९६७ मध्ये नेवार्कमध्ये २६ आणि डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. शहरं का पेटली हे शोधायला अध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला. फेब्रुवारी १९६८ च्या अहवालात आयोगाने एक पूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांवर खर्च केलं. देशभरातल्या संपादकीय कामात कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी होते. संपादक आणि वरिष्ठ पदांवर तर एक टक्काही नव्हते आणि जे होते त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या संस्थांत होते. माध्यमं सगळा देश गोऱ्या माणसाच्या नजरेतून पाहतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या वर्षी अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी जे अनेक कार्यक्रम सुरू झाले, त्यांतला ‘लाइक इट इज’ हा एक.

नोबल यांच्यावर एक आरोप कायम व्हायचा : तुम्ही दुसरी बाजू दाखवत नाही. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. माझा कार्यक्रम हीच दुसरी बाजू आहे, असं ते म्हणत. आठवडाभर सगळ्या वाहिन्या पहिली बाजू सांगतात. रविवारचा एक तास आमचा, त्यातही पुन्हा पहिलीच बाजू कशाला?

हे उत्तर मला पटतं, पण एका अटीवर. त्या अटीकडे येण्याआधी माल्कम एक्स यांच्याबद्दल बोलायला हवं.

१९५९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या एका वाहिनीवर माइक वॉलेस यांचा ‘द हेट दॅट हेट प्रोड्यूस्ड’ हा पाच भागांचा माहितीपट लागला. बहुसंख्य गोऱ्या अमेरिकनांना माल्कम पहिल्यांदा दिसले ते त्यातच, आणि ओळख करून दिली गेली ती द्वेषाचा प्रचारक म्हणून. त्या काळात माल्कम गोऱ्यांना सैतान म्हणत, हे खरंच आहे. पण ज्या देशात माणसांना जिवंत जाळलं, झाडाला टांगलं गेलं, तिथे हा राग कुठून आला याला चौकटीत फारशी जागा नव्हती. ध्यानात घ्या, त्या माहितीपटासाठी मुलाखती घेणारे लुई लोमॅक्स स्वतः कृष्णवर्णीय पत्रकार होते. म्हणजे माइक आपल्या माणसाच्या हातात असणं पुरेसं नसतं. चौकट कोण ठरवतं, काय कापायचं आणि शीर्षक काय द्यायचं याचा निर्णय कोण घेतं, ते महत्त्वाचं.

नोबल यांनी पुढे माल्कमवर स्वतःचा माहितीपट केला. त्याचं नाव ‘अल हाज मलिक अल शबाझ’. १९६४ च्या हजनंतर माल्कम यांनी घेतलेलं हे नाव. नावापासूनच चौकट बदलली. टीव्हीने ज्याला द्वेषाचा चेहरा केलं होतं, तो माणूस इथे हाजी म्हणून, मक्केत सर्व रंगांच्या माणसांबरोबर एका रांगेत उभं राहून स्वतःचं मत बदलणारा म्हणून समोर आला.

स्मरण ठेवण्याचं काम भावनेपुरतं नसतं, हेही माल्कम यांच्याच प्रकरणात दिसलं. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचा खून झाला. १९६६ मध्ये तिघांना शिक्षा झाली. त्यांतल्या एकाने कोर्टातच गुन्हा कबूल केला आणि बाकीचे दोघे यात नव्हते असं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मुहम्मद अझीझ आणि खलील इस्लाम यांनी प्रत्येकी वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. अब्दुर-रहमान मुहम्मद नावाचा एक स्वतंत्र अभ्यासक वर्षानुवर्षं कागद गोळा करत राहिला. २०२० मध्ये त्याच्या शोधावर मालिका आली, फाइल पुन्हा उघडली गेली. एफबीआय आणि पोलिसांनी आरोपींच्या बाजूचे पुरावे दडवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दोघं निर्दोष ठरले. अझीझ तेव्हा ८३ वर्षांचे होते. खलील इस्लाम २००९ मध्येच वारले होते. सरकारने पुढे ३ कोटी ६० लाख डॉलर भरपाई दिली. हे सगळं घडलं, कारण कुणीतरी जुने कागद टाकून दिले नव्हते.

आता ती अट. ‘आम्हीच दुसरी बाजू’ असं म्हणणाऱ्याला दोन गोष्टी कराव्या लागतात : खरं बोलणं आणि स्वतःच्या घरात डोकावणं. नोबल यांनी पॉल रोबसन, फॅनी लू हेमर यांच्यावर माहितीपट केले तसा हेरॉइनवरही केला. त्या व्यसनाने हार्लेमची पोरं गिळली होती. आपली बदनामी होईल म्हणून त्यांनी ती जखम झाकली नाही. समाजाची गोष्ट सांगायची तर त्याचं दुखणंही सांगावं लागतं, हे त्यांच्या कामातून दिसतं.

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, या मापाने आपण स्वतःला मोजू या.

वाहिन्यांवरच्या चर्चेत आपण कसे दाखवले जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे शेकडो पेजेस आणि ग्रुप उभे राहिले. चांगलंच आहे. पण दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच सालातला व्हिडिओ ‘कालचाच’ म्हणून फिरवायचा, ही दुसरी बाजू होत नाही. तो समोरच्याच्या हातात दिलेला दगड असतो. एक खोटा व्हिडिओ उघडा पडला की त्याच्यामागे दहा खऱ्या तक्रारी बुडतात.

घरात डोकावायचं तर रंगापासूनच सुरुवात करू. आपल्या जुम्म्याच्या बयानात हजरत बिलाल यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हा पैगंबर साहेबांचा अखेरच्या खुतब्यातला संदेश सगळ्यांना पाठ असतो. आणि त्याच घरांत स्थळ बघताना पहिला प्रश्न असतो, मुलगी गोरी आहे ना? ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे अजून चेष्टेत वापरला जातो. तो ज्यांच्यासाठी वापरला जायचा त्यांतला एक होता मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला आणि १६१० साली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा. त्याची कबर खुलदाबादला आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास अटलांटिकच्या पलीकडेच घडला असं मानणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं. माल्कमचा फोटो प्रोफाइलला लावणं सोपं आहे. बहिणीच्या किंवा स्वतःच्या लग्नात रंगाचा मुद्दा निघाल्यावर तोंड उघडणं अवघड आहे.

एक गोष्ट प्रेक्षकांबद्दल. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाची वाहिनी नागरी हक्कांच्या बातम्या गाळायची. १९६४ मध्ये चर्चशी संबंधित एका संस्थेने स्वयंसेवक बसवले. त्यांनी वाहिनीचा एक आठवड्याचा प्रत्येक कार्यक्रम पाहिला, मिनिटं मोजली, कोण किती वेळ दिसलं ते लिहून काढलं. त्या वह्या घेऊन ते परवाना देणाऱ्या आयोगाकडे आणि मग न्यायालयात गेले. १९६६ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की प्रेक्षकालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे. १९६९ मध्ये त्या वाहिनीचा परवाना रद्द ठरला. घोषणा अनेकांनी दिल्या असतील, पण न्यायालयात टिकल्या त्या वहीतल्या नोंदी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एखादी गोष्ट लॉगमध्ये नसेल, तर ती घडली हे सिद्ध करता येत नाही. सर्च इंजिन असो की आताची एआयची मॉडेलं, ती आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरावरच चालतात. मराठी मुसलमानांबद्दल जे लिहिलं गेलंय त्यातलं किती आपण लिहिलंय? बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी, कोकणी मुसलमान यांच्या बोली, धंदे, जात्यावरच्या ओव्या, दंग्याच्या आणि दुष्काळाच्या आठवणी कुठे आहेत? बऱ्याचशा आजी-आजोबांच्या डोक्यात आहेत आणि त्यांच्याबरोबर जाणार आहेत.

म्हणून या महिन्यात एक काम करा. मोबाइल घ्या, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, त्यांची परवानगी घ्या आणि अर्धा तास बोलतं करा. मध्ये मध्ये तोडू नका. शेवटी त्यांचं नाव, गाव, तारीख नोंदवा. मूळ फाइल न कापता दोन ठिकाणी ठेवा. न पटणारं काही बोलले, जातीबद्दल, रंगाबद्दल, बायकांबद्दल, तर तेही राहू द्या, तोही आपलाच इतिहास आहे. तसंच बातमीचं एखादं चॅनेल निवडा आणि चौघांत वाटून एक आठवडा वही घेऊन पाहा. कोण किती मिनिटं बोललं, मुसलमान कुठल्या विषयावर दिसला, बाई दिसली का, एवढंच लिहा. मराठीत पाठवा किंवा दुसऱ्या भाषेत, आम्ही छापू. आकडे आपल्या गैरसोयीचे निघाले, तरीही छापू.